स्वारीला शह

शेणाने सारवलेल्या जमिनीवर कोळशाने आखलेला चौकोनी पट, आणि मातीच्या धाब्याच्या झरोक्यातून त्याच्यावर तिरका उतरलेला दुपारच्या उन्हाचा पट्टा... त्या उन्हात कुंकवाने माखलेली एक सुपारी बसलेली, तिला खेटून एक खारीक, दोहोंच्या बाजूंना सुंठेचे कुबड आलेले तुकडे, मग वाकड्या मानेची हळकुंडे आणि पार टोकांना सुक्या खोबऱ्याचे जाड काप. पुढे चिंचोक्यांची रांग. पलीकडच्या बाजूला हीच सगळी मंडळी, फक्त कुंकवावाचून, आणि त्यांच्या पुढ्यात चिंचोक्यांऐवजी सीताफळाच्या काळ्याभोर बिया. माझे बुद्धिबळाचे पहिले सैन्य असे मसाल्याच्या डब्यातून निघाले. म्हणून आजही कुठे पट मांडलेला दिसला, की मला आधी सुंठेचा वास येतो आणि मग खेळ दिसतो.

आमचे गाव बालाघाटाच्या डोंगरकुशीत. सकाळी बैलगाडी जुंपली तर दुपारच्या नैवेद्याला लिंबागणेशी पोचावे, एवढ्या अंतरावर. मुलूख मोगलाईचा, म्हणजे निजामाचा. सरकारी कागद उर्दूत यायचा आणि तो वाचून घ्यायला गाव मुन्शीजींकडे जायचे. मुन्शीजी हे म्हातारे, निवृत्त शिक्षक. खांद्यावर पाण्याची, बीडची चामड्याची छागल, दाढी मेंदीने तांबूस, आणि चालताना स्वतःशीच काही पुटपुटत येणारे. ते येत ते माझ्या आजोबांकडे. आजोबांना घरादारात तात्या म्हणत. तात्या गावचे देशमुख, सही करताना घाम फुटणारे, पण बुद्धिबळाच्या पटावर बसले की भल्याभल्यांना घाम फोडणारे. दोघांचा डाव ढेळजेत रंगायचा. ढेळज म्हणजे मोठ्या दरवाजाच्या आतला उंच ओटा. घरातल्या पुरुषांचे सगळे राज्य तिथे. पोरींनी ढेळजेत जायचे नाही असे कोणी सांगितलेले नव्हते, पण गेले की कोणीतरी हटकून तांब्याभर पाणी आणायला आत पिटाळायचे, आणि पाणी नेऊन दिले की पुन्हा काहीतरी आणायला पिटाळायचे. त्यामुळे तो खेळ मला फक्त ऐकू यायचा. लाकडावर लाकूड टेकल्याचा टक्क आवाज... बराच वेळ शांतता... मुन्शीजींचा खोकला... आणि मग एकदम, "शह!" मला कितीतरी दिवस वाटायचे, की शह हाही खोकल्याचाच एखादा प्रकार असावा.

हे कुतूहल मनात तसेच कुजून गेले असते, पण आमच्या घरात काकू आली. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, राजाराम काका, हैदराबादेला वकिली शिकत होते. त्यांचे लग्न लागले ते सीना नदीपलीकडच्या, नगरकडच्या एका शाळामास्तरांच्या मुलीशी. म्हणजे इंग्रजी मुलखातली सून. काका लग्न आटोपून पुन्हा हैदराबादेला गेले आणि काकू आमच्यात राहिली, माझ्याहून सातआठ वर्षांनीच मोठी, गोरीपान, अंगाने काडी. बोलणे कमी, डोळे मात्र सारखे काहीतरी शोधणारे. तिची बोली वेगळी, भाकरी थापायची तऱ्हा वेगळी, म्हणून बायका तिला थट्टेने 'इंग्रजीण' म्हणत. आई नसलेली पोर, बापाने एकट्याने वाढवलेली. घरातल्या बायकांशी काय बोलावे हे तिला कधी कोणी शिकवलेच नव्हते.

त्या वर्षी सीताफळे उदंड आली होती. डोंगरातून पाट्याच्या पाट्या उतरत, आणि माजघरात त्या गोड, किंचित आंबूस वासाने डोके जड व्हायचे. अशाच एका दुपारी मी हात बरबटलेली मधल्या दारापाशी आले, तर काकू दाराच्या फटीला डोळा लावून उभी! मधले दार म्हणजे आतल्या घराची आणि ढेळजेची सीमा. मी विचारले, "काय बघता हो काकू?" तिने दचकून माझ्या तोंडावर हात ठेवला, आणि मग, राहवलेच नाही म्हणून, कुजबुजली, "मामंजींनी घोडा फुकट घालवला गं."

त्या वाक्यात एवढी कळकळ होती, की कोणाचा खरोखरचा घोडा मेला असावा असे मला वाटले. मी तबेल्याकडे पळणार, एवढ्यात तिने मला धरून कोठाराच्या खोलीत नेले. तिथे, ज्वारीच्या कणगीच्या आडोशाला बसून, तिने सांगितले, की तिच्या वडिलांना हा एकच नाद होता, आणि त्यांच्यासमोर बसायला घरात तिच्याखेरीज दुसरे कोणी नव्हते. रोज संध्याकाळी, दिवा लागायच्या आधी, एक डाव. लग्न ठरले त्या दिवसापासून तिने पटाला हात लावला नव्हता. "मी तुला शिकवते," ती म्हणाली. "पण बाहेर कुठे बोलायचं नाही. मला खेळायला कुणीतरी हवं गं, नाहीतर मी वेडी होईन." वेडी होईन हे ती हसत म्हणाली, पण तिचे डोळे हसत नव्हते, आणि एवढे मला त्या वयातही कळले.

मग दुपारची जेवणे आटोपून घर पेंगायला लागले, की आमची शाळा भरायची. पट कोळशाचा, सैन्य मसाल्याचे. सुंठ म्हणजे उंट, कारण तिला कुबड असते. हळकुंड म्हणजे घोडा, कारण त्याची मान वाकडी. खोबरे म्हणजे हत्ती, खारीक म्हणजे वजीर, आणि चिंचोके नि बिया म्हणजे प्यादी. मला एकेका नियमामागचे कारण हवे असायचे. नुसते 'असं असतं' म्हटलेले मला पटायचे नाही. "उंट तिरकाच कावून चालतो?" "तू सरळ चालणारा उंट पाहिलायस का कधी?" मी उंटच पाहिलेला नव्हता, तेव्हा हत्तीकडे वळले. "हत्ती सरळच कावून?" "एवढं धूड वळायचं म्हणजे जागा नको?" घोड्याची अडीच घरे मात्र तिलाही समजावता येईनात. दोन घरे कळत होती, पण ते अर्धे घर कुठले, या अर्ध्या घराने माझा जीव खाल्ला. मी पटावर ते अर्धे घर शोधायची, रात्री अंथरुणात शोधायची, भाकरीचा तुकडा मोडताना शोधायची... आणि एक दिवस हळकुंड उचलून ठेवता ठेवता माझ्या हातालाच ते सापडले, डोक्याला अजून सापडायचे होते. काकू टाळ्या वाजवायची थांबली ती आवाज होईल म्हणून.

"आन् ही?" पहिल्याच दिवशी मी सुपारीवर बोट ठेवून विचारले होते. काकू अडखळली. तिने पदर सारखा केला. "ही... ही स्वारी."

स्वारीबद्दल मला सर्वांत जास्त प्रश्न पडायचे. "स्वारी येकच घर कावून चालती?" "स्वारीला घाई नसते." "सगळे तिच्यासाठी मरत्यात, मग ती स्वतः काय करती?" काकूने बराच विचार केला. झरोक्यातले ऊन तिच्या हातावर आले होते आणि ती ते बोटांनी इकडून तिकडे सारत होती. "स्वारी असते," ती शेवटी म्हणाली. "ती असली की डाव असतो." मला ते मुळीच समाधानकारक वाटले नाही. त्या बेसुमार विचारात मी एक हत्ती खाऊन टाकला, आणि खोबऱ्याचा वास तोंडाला येत असूनही, तो पटावरून कुठे गेला ते मला ठाऊक नाही, असे बेधडक सांगितले.

थंडी पडली. तुरीला शेंगा धरल्या, कपिलधारची जत्रा होऊन गेली, आणि माझा खेळ 'बरा' या पदवीला पोचला. काकूला हरवणे दूरच, पण आता ती माझ्याशी खेळताना मध्येच थांबून विचार करायची, आणि तो तिचा विचार करण्याचा क्षण मला दिवाळीच्या लाडवापेक्षा गोड लागायचा. अशात मुन्शीजी काही कामाने बीडला गेले आणि तिथेच अडकले. तात्यांना जोडीदार उरला नाही. चारदोन दिवस ते ढेळजेत एकटेच पट मांडून बसत, सोंगट्या पुसत, कोणावर तरी उगाच खेकसत. मला त्यांची दया आली, की मला त्या लाकडी सोंगट्यांचा मोह पडला, देव जाणे. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि म्हणाले, "तात्या, मी खेळू?"

तात्या खो खो हसले. "तू? बस, बस. निदान माशा तरी उडतील."

लाकडी सोंगट्या मला ओळखूच येईनात. उंटाला कुबड नाही, घोड्याला मान नाही, सगळ्या आपल्या लहानमोठ्या गुळगुळीत बाहुल्या! जागेवरून मी एकेकीला ताडले आणि पहिलेच प्यादे दोन घरे पुढे ठेवले. तात्यांनी माझे मनगट धरले. "येक घर. प्यादं हाय ते, हरीण न्हाई. ह्यो कुठला नियम?" काकूने शिकवले तसे मी खेळले होते, नियम गावोगाव वेगळे असतात हे मला काय ठाऊक? मी निमूट प्यादे एक घर मागे घेतले आणि तोंडाला कुलूप लावून खेळू लागले. कोणी शिकवले हे सांगायचे नाही, एवढे मी पक्के धरून होते. तात्या आधी हुक्का ओढत खेळत होते. मग त्यांनी हुक्का खाली ठेवला. मग ते पुढे वाकले. माझ्या घोड्याला मोकळी वाट दिसली, मी तो नेऊन टेकवला आणि आनंदाच्या भरात ओरडले, "तात्या, तुमच्या स्वारीला शह!"

"कुनाला?"

"तुमच्या स्वारीला."

तात्यांनी मधली उंच सोंगटी उचलून माझ्या नाकासमोर धरली. "हे काय हाय?" "स्वारी." "ह्याला राजा म्हनत्यात, बाई." राजा! मी तो शब्द पटाच्या संदर्भात प्रथमच ऐकत होते. तात्या माझ्याकडे बघत राहिले, मग मधल्या दाराकडे, आणि हळूच, स्वतःलाच विचारल्यासारखे म्हणाले, "आन् आपल्या घरात 'राजा' म्हनायला कुनाची जीभ अडती?"

दाराआड एक भांडे घरंगळले.

आजच्या मुलींना हे सांगावे लागते. नवऱ्याचे नाव बाईने घ्यायचे नाही, आणि नावच काय, ते नाव ज्यात लपले असेल तो शब्दही नाही. काकू राजगिऱ्याला 'उपासाचं धान्य' म्हणायची आणि रामफळाला 'सीताफळाचं भावंड'. त्याची घरात थट्टा व्हायची, कौतुकही व्हायचे. नवऱ्याला उद्देशून बायका 'स्वारी' म्हणत. राजाराम काकांची बायको पटावरच्या राजाला दुसरे काय म्हणणार? मी तिचे नाव जिवापाड लपवले होते आणि तिच्या नवऱ्याच्या नावाने ते फोडले होते.

डाव अर्धा टाकून, पागोटे चढवून तात्या शेताकडे निघून गेले. आत काकू शेणपाणी घेऊन कोठाराची जमीन पुन्हा सारवत होती. कोळशाच्या रेघा पुसल्या, मसाला डब्यात गेला. सुपारीचे कुंकू तेवढे निघेना. माझी आई म्हणजे काकूची थोरली जाऊ. ती दारात येऊन उभी राहिली. "हैदराबादेला कळलं तर काय म्हनतील?" एवढेच म्हणाली, आणि ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. काकू म्हणाली, "मला माहेरी धाडतील का हो, वन्सं?" घाबरून तिची नातीही चुकली, आई काही तिची वन्सं नव्हती. मी एका कणगीमागे बसून रडले. काकूला धाडतील याचे रडू होतेच, पण त्याहून जास्त रडू त्या कोऱ्या सारवलेल्या जमिनीचे होते.

दुसऱ्या दिवशी मुन्शीजी परतले आणि ढेळजेत पुन्हा टक्क टक्क सुरू झाले. दुपार कलली तेव्हा तात्यांनी हाक मारली, "मथे, हिकडं ये." मी ओट्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. तात्यांनी पटाकडे बोट केले. "मुन्शीजीनं माझा वजीर कोंडलाय. आत जा, आन् कसा सोडवायचा ते इचारून ये."

"कुनाला इचारू?"

"भिंतीला इचार. आपल्या घरात भिंतीला डोळे हायेत म्हनं."

मी आत धावले. काकू दाराच्या फटीपाशीच होती, भिंतीला टेकून, पांढरीफटक. तिला प्रथम विश्वासच वाटेना. मी तिला हलवले. मग तिने एकदा फटीतून पट पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावर रंग चढताना मी प्रत्यक्ष पाहिला. "घोडा मागे घ्या म्हणावं. वाट त्यानंच अडवलीय." मी निरोप नेला. तात्यांनी घोडा मागे घेतला. मुन्शीजींनी दाढीत बोटे घातली, बराच वेळ पटाकडे बघितले आणि म्हणाले, "देशमुख, ये चाल तुमारी नई है." तात्या म्हणाले, "घरची हाय."

त्या हिवाळ्यात भिंतीचा सल्ला ही आमच्या घरातली रीत होऊन बसली. मुन्शीजी लटके चिडायचे, "दो दो मिलके एक बुढ्ढे कू मारते क्या!" आणि मग स्वतःच म्हणायचे, "जा बच्ची, पूछके आ." हुरड्याचे दिवस आले, आगटीचा धूर ढेळजेपर्यंत यायचा, आणि एक दिवस तात्यांनी जाहीर केले, "सल्ला लई झाला. आता भिंतीशीच डाव टाकायचा."

पण डावाआधी तह व्हावा लागला, कारण दोन मुलखांचे नियम जुळेनात. ही सगळी बोलणी मी दार ओलांडून इकडून तिकडे वाहिली. काकूचे म्हणणे, प्यादे पहिल्या वेळी दोन घरे जाते आणि राजाला हत्तीच्या आड नेऊन किल्लेकोट करता येतो. तात्या म्हणाले, "आमच्या मोगलाईत राजा किल्ल्यात लपत न्हाई. त्याला शह बसायच्या आधी येकदा घोड्यावानी उडी मारता येती, बास." आता ते काकूला शिकवायचे काम माझ्याकडे आले. मी गुरूच्या रुबाबात मांडी घालून बसले आणि म्हणाले, "काकू, आपल्याकडं स्वारीला येक उडी हाय." "स्वारी? आणि उडी?" असे म्हणून तिने तोंडात पदर कोंबला आणि इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आले, तिच्या डोळ्यांपुढे कोट-पगडीतले काका उड्या मारत असणार. दुसरा नियम प्याद्याचा. काकूकडे प्यादे शेवटच्या रांगेत पोचले की हवे ते होऊ शकते, वजीरसुद्धा. आमच्याकडे ते ज्या घरात पोचेल त्या घराचे होते: हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. मी हे सांगितल्यावर काकूचे हसू थांबले. "म्हणजे प्यादं कसं चाललं याला मोल नाही," ती म्हणाली. "कुठल्या घरात पडलं, त्यावर सगळं." थोडा वेळ ती माझ्या वेणीची सुटलेली बट बोटाला गुंडाळत बसली आणि म्हणाली, "आपल्यासारखंच गं." शेवटी तिने मोगलाईचे सारे नियम मान्य केले.

डावाच्या दिवशी मधले दार अर्धे उघडे राहिले. दाराआड काकू, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला. ढेळजेत तात्या, शेजारी पंच म्हणून मुन्शीजी. आणि तिच्या सोंगट्या हलवायला मी. आईला त्या दिवशी मधल्या दारापाशीच तूर निवडायची होती, आणि शेजारच्या दोघी बायकांना तिला मदत करायची होती. काकू हळू आवाजात सांगायची, मी हलवायची. तात्या नेहमीसारखे दणादणा चालले नाहीत. ऊन ओट्याच्या कडेवरून खाली उतरले, छागलीतले पाणी संपले, आणि तात्यांचा राजा एका कोपऱ्यात दाटत दाटत गेला. मलाही दिसू लागले होते, की आता फार राहिले नाही. काकूचा हत्ती एक उभी रांग धरून बसला होता आणि राजाला बाहेर यायची तीच एक वाट होती.

"हत्ती डावीकडे, तीन घरं," काकू म्हणाली.

मी थबकले. हत्ती हलला की राजा सुटत होता. मी वळून पाहिले तर ती जमिनीकडे बघत होती. मी हत्ती उचलला आणि तीन घरे डावीकडे ठेवला. तात्या पटाकडे बघत राहिले. त्यांना आपला सुटलेला राजा दिसत होता, पण त्यांनी हात पुढे केला नाही. मग ते दाराकडे वळले, आणि ज्या सुनेशी त्यांनी लग्नापासून एक अक्षरही थेट उच्चारले नव्हते, तिला म्हणाले,

"सूनबाई, ही चाल तुमची न्हाई."

तूर निवडणारे हात थांबले.

"आमी हारायला भेत न्हाई. पर कुनी दान दिल्याली जीत आमाला नगं. चाल परत घ्या."

आमच्या ढेळजेत सोंगटी एकदा ठेवली की ठेवली. चाल परत घेऊ दिल्याचे मुन्शीजींनी आयुष्यात पाहिले नव्हते. ते तोंड उघडून बघत राहिले. मग दाराआडून काकूचा आवाज आला, पहिल्यांदाच कुजबुजत नव्हता, स्वच्छ, तिच्या वडिलांपुढे बोलत असेल तसा: "हत्ती जागेवर ठेव. आणि प्यादं एक घर पुढे." मी ठेवले. एवढेसे प्यादे पुढे सरकले आणि तात्यांच्या राजाला जायला जागा उरली नाही.

"प्यादेमात!" मुन्शीजी गुडघ्यावर थाप मारून ओरडले. वजिराने, हत्तीने मात कोणीही करते. प्याद्याने केलेली मात ही जुन्या खेळाडूंच्या लेखी सर्वांत मानाची. तात्यांनी आपला राजा हळूच आडवा केला. ते म्हणाले, "ह्ये बाहीर कुटं बोलायचं न्हाई," आणि मग स्वतःच आठवडाभर पारावर, विहिरीवर, खळ्यावर, ज्याला त्याला सांगत सुटले, की आमच्या सुनेनं आमाला प्याद्यानं मारलं. कुठल्या जिंकण्याने त्यांना एवढा आनंद झालेला मी पाहिला नाही. आणि काकू... त्या दिवसांतली काकू मला आठवते ती गाणे म्हणत दळणारी, आईशी मोठ्याने हसणारी, जिला आता कोणी इंग्रजीण म्हणत नव्हते.

उन्हाळ्यात काका आले. वकिलीची परीक्षा पास झाली होती, हैदराबादेत बिऱ्हाड घेतले होते, बायकोला न्यायला आले होते. गावाने म्हटले, पोरीचे नशीब उघडले. मलाही तसेच वाटले. निघायच्या दिवशी, गाडीत सामान भरताना, तात्या आपला सोंगट्यांचा डबा घेऊन आले, आयुष्यभर वापरलेला, शिसवी, कोपरे झिजलेला. तो त्यांनी स्वतःच्या हाताने काकूच्या ट्रंकेत ठेवला. "मग तुम्ही कशानं खेळाल, मामंजी?" तिने विचारले. आता ती त्यांच्याशी बोलत असे. तात्या म्हणाले, "मी आन् मुन्शी काय, सुंठी-सुपाऱ्या मांडू." बैलांच्या घुंगरांचा आवाज वळणापलीकडे गेला तरी ते वेशीतच उभे होते, आणि दोघे म्हातारे त्यानंतर खरोखरच कितीतरी दिवस मसाल्यावर खेळले.

तात्या गेले, मुन्शीजी गेले. माझेही लग्न झाले, संसार झाला. काकूची भेट लग्नाकार्यात व्हायची, चार बायकांत, घाईघाईने. निवांत अशी ती मला भेटली ती खूप वर्षांनी, मी माझ्या लेकीला घेऊन हैदराबादेला तिच्या घरी राहायला गेले तेव्हा. तोवर काका जाऊनही काही वर्षे लोटली होती. मोठे घर, पुढच्या खोलीत कायद्याच्या पुस्तकांची कपाटे, आणि त्यातल्या एका कपाटावर, वर, तात्यांचा तो डबा. मी विचारले तेव्हा काकूने सांगितले, अगदी सहज, तांदूळ निवडता निवडता सांगावे तसे. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने पट मांडला होता. काका बाहेरून आले, हसले, आणि म्हणाले, पुढच्या खोलीत पक्षकार येतात, वकिलाच्या बायकोने असे पटावर बसलेले बरे दिसत नाही. मग त्यांनी स्वतःच एकेक सोंगटी नीट डब्यात भरली आणि डबा वर ठेवून दिला. "कुठे हरवू नये म्हणून," काकू म्हणाली. तेव्हापासून तो तिथेच होता.

मी स्टुलावर चढून डबा काढला. धूळ पुसली. सगळ्या सोंगट्या शाबूत होत्या. "मांडू का, काकू?"

"तुम्ही मायलेकी मांडा. मी विसरले गं सगळं."

आम्ही मांडला. काकू शेजारी कापसाच्या वाती वळत बसली. माझी लेक मन लावून खेळणारी. एका अवघड जागी तिचा हात हत्तीवर गेला, तिथून उंटावर, आणि माझ्या लक्षात आले की काकूच्या वाती थांबल्यात. लेकीने घोडा उचलला. काकूच्या बोटांत कापूस तसाच धरलेला. लेकीने घोडा ठेवला, चुकीच्या घरात, आणि काकूच्या तोंडून 'च्च्' निघाले.

लेक लगेच वळली. "चुकलं का, आजी? तुम्ही काय केलं असतं?"

काकूने कापूस खाली ठेवला. तिचा हात पदराबाहेर आला, पटाच्या कडेपर्यंत आला. बोटे सुरकुतलेली होती, पण कुठे जायचे ते त्यांना नेमके ठाऊक होते. आणि तेवढ्यात तिने मान वळवून पुढच्या दाराकडे पाहिले. तिथे कोणी नव्हते. कोणी येणारही नव्हते. पक्षकारांच्या खुर्च्यांवर गोधड्या वाळत घातल्या होत्या. तिने हात मागे घेतला. "वाती राहिल्यात गं बाई अजून," ती म्हणाली.

काका सज्जन होते. त्यांनी काकूवर कधी आवाज चढवला नाही, तिला काही कमी पडू दिले नाही, तिच्या दुखण्याखुपण्यात रात्र रात्र उशाशी बसले. हे सगळे मी पाहिले आहे आणि मला ते मान्य आहे. पण त्या दुपारी रिकाम्या दाराकडे बघणारी काकू मी पाहिली, आणि मला त्या सज्जन माणसाचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही.